ताबेलू

नळाला पाणी आलं रात्री पावणेदोनला,
पाचव्या दिवशी.
पाईप लावायला खड्ड्यात उतरले
तर पायाखालचा दगड
सरकला.

बॅटरी मारली.
डोक्याच्या बाजूला लाल पट्टा,
पाठीवर कुणीतरी नेलपॉलिशनं काढलेला सात,
आणि कडेला चीर,
कपबशीला जाते तशी.

"ताबेलू," सासू खाटेवरून म्हणाली.
"आमे," समोरची शिवम्मा.
"अहो, कासव आहे ते," घागर धरून टोणपे मास्तर.
गल्लीनं तीन भाषांत हाक मारली,
त्यानं एकीलाही मान बाहेर काढली नाही.

आधी पाणी भरून घेतलं.
दोन पिंपं, सात घागरी, कुकर, पातेली,
मग राहिलेलं घमेल्यात, त्याच्यासाठी.
"माणसांना पुरंना, आन्‌..." कुणीतरी बोललं.
पाण्याचा आवाज मोठा होता. मी ऐकलं नाही.

सकाळी कारखान्यात विड्या दिल्या
आणि तीच पिशवी झटकून
त्याला नेलं जनावरांच्या दवाखान्यात.
रांगेत एक म्हैस, दोन शेळ्या आणि मी.
डॉक्टर हसले नाहीत.
चीर पुसली, पिवळं औषध लावलं.
जखम भरेपर्यंत पाण्यात थोडाच वेळ,
कोवळं ऊन रोज,
शेवग्याचा पाला, कधीमधी सुकट,
भात-भाकरी अजिबात नाही.
मग माझी बोटं बघितली.
"विड्या वळता?"
"हो."
"त्याला हात लावायच्या आधी साबणानं धुवा.
तंबाखू विष आहे त्याला."

धुते.
बावीस वर्षं सूप मांडीवर आहे,
दिवसाला हजार.
श्रीहरीला, पद्मजाला
याच बोटांनी भरवला दूधभात,
पानं कातरता कातरता, मधेच,
पदराला पुसून.
तेव्हा कुणी बोटं बघितली नाहीत.
साबण हातात फिरतो तेव्हा
मी जरा जास्तच वेळ धुते,
पाणी पाचव्या दिवसाचं असूनसुद्धा.

किराणा, पिठाची गिरणी, रिक्षा स्टॉप,
सगळीकडे पुठ्ठा लावला:
कासव सापडलंय.
पाठीवर काय आहे ते सांगेल त्यालाच मिळेल.
तिघं आले.
एक म्हणाला चांदणी.
एक म्हणाला, कासवाच्या पाठीवर काय असणार?
तिसऱ्यानं सरळ विचारलं,
"घरात पैसा येतो म्हणतात, कितीला देता?"

चौथा फोन आला भिवंडीहून. पोरगाच.
"सात. मीच काढलाय, अक्काच्या नेलपॉलिशनं.
हजेरीत माझा सात नंबर होता."
मागच्या गल्लीतले. दोन माग भंगारात घालून
एका रात्रीत ट्रकमध्ये बसलेले.
टब कलंडला म्हणाला, अंधार होता,
अप्पा थांबायला तयार नव्हते.
"खातोय का?"
"शेवगा खातोय."
पलीकडं माग सुरू झाले, खटक खटक,
तो पुढं काय बोलला ते कळलं नाही.
मी ओरडून सांगितलं, चीर भरतेय म्हणून.
"दिवाळीला येतो न्यायला," एवढं ऐकू आलं.
कुठल्या, ते मी विचारलं नाही.

आता सकाळी तो जिन्यावर, विटेवर चढून बसतो,
मागचे पाय लांब करून,
पेन्शन मिळाल्यासारखा.
सासू त्याच्याशी तेलुगूत बोलते,
माझ्याशी बोलते त्यापेक्षा गोड.
म्हणते, मामंजी असते तर
या पाठीची डिझाईन चादरीवर चढवायला
किती कार्डं लागतील ते मोजत बसले असते.

पाठीवरचा सात पुसट होत चाललाय.
डॉक्टर म्हणाले, रंग परत लावू नका.
म्हणून मी घमेल्यावर लिहिते, खडूनं.
पाण्याच्या रात्री
घागरी भरायच्या गडबडीत तो धुऊन जातो.
सकाळी हात धुते
आणि परत लिहिते.